कावळ्याला विचार

माझ्या धाकट्या भावाला त्या बाई आठवत नाहीत. तो तेव्हा चार वर्षांचा होता. पत्र्याच्या शेडात पाऊस फार मोठ्यानं वाजायचा आणि कुणीतरी कावळ्याचं पुस्तक वाचायचं, एवढंच तो सांगतो. कोण वाचायचं ते त्याच्या ध्यानात नाही. मी नऊ वर्षांची होते, चौथीत होते. मला सगळं आठवतं. म्हणून हे देणं लिहून ठेवायचं काम माझ्याकडे आलं आहे.

आपलं नाव कुठं छापून येऊ नये असं त्यांनी मला पुढं एकदा निक्षून सांगितलं होतं. तेव्हा इथंही त्या नुसत्या ‘बाई’. आम्ही शेडातली सगळी पोरं त्यांना तेवढंच म्हणत होतो.

आमचं गाव सास्तूरपासून फार लांब नाही. तेव्हा उमरगा तालुका होता, आता लोहारा आहे. १९९३ साली गणपती विसर्जनाची मिरवणूक रात्री उशिरापर्यंत चालली आणि गाव दमून झोपलं. ३० सप्टेंबरच्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी भूकंप झाला. बाळ्या, म्हणजे माझा भाऊ, वडिलांच्या खांद्यावरच झोपी गेला होता, म्हणून वडील त्याला घेऊन मारुतीच्या पारावर आडवे झाले होते. मी आजीबरोबर शेतातल्या खोपीत होते. आई एकटी घरी होती. आमच्याकडची घरं म्हणजे हात-दोन हात रुंदीच्या दगडी भिंती, मातीच्या गाऱ्यात रचलेल्या, वर लाकडी माळवद, आणि ऊन लागू नये, पाणी गळू नये म्हणून त्यावर दर साली नव्यानं टाकलेली पांढरी माती. आजोबा-पणजोबांपासून ती माती चढत आली होती. भिंतींचे दगड सुटले आणि ते सगळं ओझं खाली आलं. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. बावन्न गावं पुढं नव्या जागेवर वसवली गेली. आमचं त्यातलंच एक.

नंतर पाऊस लागला. मग शेडं आली. पत्र्यांच्या त्या रांगांत आम्ही कितीतरी दिवस राहिलो. ज्यांचे दोन्ही पालक गेले अशी काही मुलं नळदुर्गला पन्नालाल सुराणांनी उभ्या केलेल्या ‘आपलं घर’मध्ये गेली. भारतीय जैन संघटनेनं तर भूकंपग्रस्त भागातली बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. आम्हाला वडील होते, आजी होती, म्हणून आम्ही तिथंच राहिलो. मदतीच्या गाड्या यायच्या, घोंगड्या, भांडी, बिस्किटं द्यायच्या आणि जायच्या. मदत करणाऱ्या त्या माणसांबद्दल मला आजही आदर आहे. पण तेव्हा चार वर्षांच्या मुलाजवळ बसायला कुणाला सवड नव्हती.

बाळ्यानं बोलणं टाकलं होतं. भूक लागली की ताटलीकडे बोट, तहान लागली की घागरीकडे. आजी त्याला सांगायची, “आई देवाच्या घरी गेलीया.” मग तो देव्हारा शोधायचा. देव्हाराही ढिगाऱ्यात होता. वडील काहीच सांगायचे नाहीत. शेजारच्या बायका तो दिसला की पदर डोळ्याला लावायच्या आणि एकमेकींना गप्प करायच्या: “लेकराम्होरं काढू नका.” त्या सगळ्या मायेनंच तसं करत होत्या. त्यांचं स्वतःचं कुणी ना कुणी गेलं होतं, आणि बोललं तर आपण कोसळू ही भीती त्यांनाही होती. पण त्यामुळं त्या रांगेत आईचं नाव न काढायचा एक कायदाच होऊन बसला, आणि सगळ्यांत लहान होता त्यानं तो सगळ्यांत कडक पाळला.

दिवाळीनंतर कधीतरी बाई आल्या. सोलापूरच्या. पन्नाशी ओलांडलेली, नऊवारी नाही, साधं सुती पातळ, पायांत रबरी चपला, खांद्याला शबनम. आयुष्यभर बालवाडी चालवलेली. शनिवारी एसटीनं उमरग्याला उतरायच्या, तिथून मिळेल त्या वाहनानं आमच्याकडे. रात्री कुणाच्या तरी शेडात मुक्काम, रविवारी परत. त्या कुठल्या संस्थेचा फलक घेऊन आल्या नाहीत. पहिल्या खेपेला त्यांनी पोरांना हाकही मारली नाही. लिंबाखाली घोंगडी टाकली, पिशवीतली पुस्तकं तिच्यावर मांडली आणि स्वतः एक उघडून वाचत बसल्या. अर्ध्या तासात भोवती गर्दी.

पुस्तकं थोडी होती. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातली पातळ पुस्तकं, ‘किशोर’चे जुने अंक, गुळगुळीत कागदावरच्या रशियन गोष्टी मराठीत आलेल्या, आणि मुखपृष्ठ गळून गेलेलं एक चिऊ-काऊचं पुस्तक. कव्हरच नसल्यामुळं ते कुणी लिहिलं, कुणी काढलं हे आम्हाला कधीच कळलं नाही. गोष्ट तीच, प्रत्येक मराठी मुलाला झोपताना सांगतात ती. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पाऊस येतो, कावळ्याचं घर वाहून जातं. भिजलेला कावळा चिमणीचं दार ठोठावतो. चिमणी आतून त्याला थांबायला सांगते, कारण तिला बाळाला न्हाऊ घालायचं आहे, पुसायचं आहे, कपडे घालायचे आहेत, तीट-काजळ करायचं आहे.

बाळ्यानं पहिल्या दिवशी तेच उचललं. आजीला ते रुचलं नाही. तिनं बाईंना बाजूला घेऊन स्पष्ट विचारलं, “बाई, घर पडल्याली गोष्ट ह्या लेकरांस्नी कशापायी सांगायलाव? दुसरं कायतरी वाचा की.” बाई म्हणाल्या, “आजी, मी त्याच्यापुढं सगळी ठेवली होती. त्यानं ही घेतली. आता ती काढून घेऊ?” आजीकडं याचं उत्तर नव्हतं. पण पुढचे दोन-तीन शनिवार ती घोंगडीच्या कडेला येऊन बसली, पाळतीवर बसावं तशी.

बाईंचं वाचणं आम्ही शाळेत ऐकलेल्या वाचनासारखं नव्हतं. शाळेत धडा संपला की तात्पर्य असायचं. बाई गोष्ट संपवण्याची घाईच करायच्या नाहीत. एका पानावर थांबायच्या. चित्रावर बोट ठेवायच्या. आणि विचारायच्या, “ह्याला आता काय वाटत असेल?” मग गप्प. ती गप्प बसण्याची वेळ इतकी लांबायची की आम्हाला अवघडल्यासारखं व्हायचं, आणि शेवटी कुणीतरी बोलायचंच.

“थंडी वाजायलीय त्याला.”
“बरं. अजून?”
“भूक लागलीया.”
“चित्रात कुठं दिसतं?”
“चोच उघडी हाय की.”

कावळ्याला राग आलाय, असं एक पोरगी म्हणाली. बाईंनी विचारलं, कुणाचा? ती म्हणाली, पावसाचा. दुसरी म्हणाली, नाही, चिमणीचा. तिसऱ्यानं सांगितलं की कावळ्याला लाज वाटतेय, कारण काल त्यानं चिमणीला तुझं घर बारकं आहे म्हणून चिडवलं होतं. पुस्तकात असलं काही नव्हतं. बाईंनी ते मान हलवून घेतलं, “असेलही,” म्हणाल्या, आणि पान उलटलं. चूक-बरोबर त्यांनी कधी केलं नाही. अमक्याला राग आला म्हणजे तो वाईट, हेही कधी नाही.

गावाच्या कडेला कुडाच्या झोपडीत राहणारा एक पोरगा आमच्यात होता. तो एका शनिवारी एकदम उठून उभा राहिला. “बाई, ही गोष्ट खोटी हाय. शेणाचं घर पडत नसतंय. आमचं न्हाई पडलं. दगडाचं पडतंय.”

त्यानं सांगितलं ते खरं होतं. काठ्या, तुराट्या, शेणमाती आणि वर गवत, अशी हलकी घरं त्या पहाटे हलली आणि उभी राहिली. माणसं मेली ती जास्त करून दगडी, भरभक्कम घरांत. आमच्या गल्लीतले दगड उपसायला पहिल्यांदा धावून आली ती त्या कडेच्या झोपड्यांतलीच माणसं होती.

बाई त्याला म्हणाल्या, “मग तू सांग बरं. तुझ्या गोष्टीत कुणाचं घर पडलं?”
“चिमणीचं.”
“मग ती कुठं गेली?”
“कावळ्याकडं.”
“त्यानं दार लवकर उघडलं का?”
पोरगं जरा थांबलं. “त्याच्या घराला दारच न्हवतं.”

आजी घोंगडीच्या कडेवरून उठून गेली. रडायला गेली की कामाला, मला कळलं नाही. पण त्या दिवसानंतर तिनं पुस्तकाबद्दल कुरकुर केली नाही.

बाळ्या यातलं काहीच बोलत नव्हता. तो बाईंच्या मांडीला टेकून बसायचा. दार ठोठावायचं पान आलं की त्यावर तळहात ठेवायचा आणि पान उलटू द्यायचा नाही. बाई त्याचा हात काढायच्या नाहीत. “बरं, इथंच थांबू,” म्हणायच्या, आणि तिथंच थांबायच्या. बाकीची पोरं कंटाळून उठून जायची. किती शनिवार असे गेले ते मला सांगता येणार नाही. थंडी सरत आली होती एवढं आठवतं, कारण ज्वारीची काढणी सुरू झाली होती आणि लिंबाखाली बसणारी पोरं कमी झाली होती.

एका दुपारी त्यानं हात ठेवला, आणि बाईंनी नेहमीसारखं विचारलं नाही. त्या नुसत्या चित्राकडे बघत म्हणाल्या, “कावळा किती वेळ झाला वाजवतोय दार. चिमणी का बरं उघडत नसेल?”

बाळ्या म्हणाला, “तिला उठता येईना.”

इतक्या महिन्यांनी तो बोलला होता. आवाज बसल्यासारखा होता. बाईंनी त्याला जवळ ओढलं नाही, शाब्बास म्हटलं नाही, माझ्याकडं किंवा आणखी कुणाकडं बघितलं नाही. चित्राकडेच बघत म्हणाल्या, “हं. उठता येत नसेल.” थोड्या वेळानं: “आणि कावळ्याला काय वाटत असेल?”

“त्याला वाटायलंय, ती रुसली.”

“ती रुसलीये का?”

बाळ्यानं मान हलवली. नाही. “तिच्या अंगावर माती हाय.”

वडील पलीकडे शेडाच्या सावलीत दोर वळत बसले होते. त्यांचे हात थांबले. ते उठून आले आणि घोंगडीवर, बाळ्याच्या दुसऱ्या बाजूला बसले. आमच्याकडं बापे माणसं अशी पोरांच्या पुस्तकाजवळ येऊन बसत नसत. बाईंनी पुस्तक त्यांच्याकडं सरकवलं. वडील तिसरीपर्यंत शिकलेले. त्यांनी अक्षर जुळवत ते पान वाचलं. मग बाळ्याला म्हणाले, “रुसली न्हवती रं. आई रुसली न्हवती.” तो कायदा झाल्यापासून आईचं नाव आमच्यात तेव्हा पहिल्यांदा निघालं.

बाळ्या दुसऱ्या दिवशी घडाघडा बोलायला लागला असं झालं नाही. तो हळूहळू बोलता झाला, पुढं बरीच वर्षं रात्री दचकून उठायचा, आणि नव्या गावात सिमेंटचं घर मिळालं तेव्हा स्लॅबखाली झोपायला तो आणि आजी दोघंही तयार नव्हते. एका पुस्तकानं दुःख मिटतं असं मी म्हणणार नाही. पण आई आपल्यावर रुसून आत बसली, अशी समजूत चार वर्षांच्या पोरानं मनात धरली होती, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. ती कळली म्हणून वडिलांना ती खोडता आली.

माझंही एक देणं यात आहे. मी नऊ वर्षांची, म्हणजे घरातली ‘मोठी’. मला कुणी लहान समजत नव्हतं. बाळ्याला न्हाऊ घालणं, पुसणं, कपडे घालणं, केस विंचरणं माझ्याकडं आलं होतं. शाळेच्या तंबूत मी कधी जायची, कधी नाही. बाईंनी एकदा पुस्तक माझ्या हातात दिलं. “आज तू वाच, मी ऐकते. माझे डोळे दुखतात.” चिमणीचं बोलणं आलं तसं त्यांनी विचारलं, “आत चिमणीला काय वाटत असेल गं?”

मी पटकन बोलून गेले: “तिला वैताग आलाय. सगळं तिलाच करावं लागतंय. बाळाला न्हाऊ घाला, पुसा, कपडे घाला. आणि वर हा दार वाजवायलाय.”

बाई हसल्या नाहीत. “खरंय की,” म्हणाल्या. “चिमणीला कुणी विचारलंच नाही.” पुढच्या खेपेला आल्या त्या थेट आमच्या शेडात. बाळ्याला त्यांनी स्वतः न्हाऊ घातलं, भांग पाडला, आणि मला म्हणाल्या, “जा, खेळून ये.” आजीशी त्या काय बोलल्या मला माहीत नाही, पण दुसऱ्या आठवड्यापासून मी रोज शाळेत जायला लागले. आज मी शिक्षिका आहे, त्याची सुरुवात त्या न्हाणीपाशी आहे.

पुढं डी.एड. करताना मी सुट्टीत बाईंकडं सोलापूरला राहायला जायची. दोन खोल्यांचं घर, भिंतीला लागून पुस्तकांच्या पेट्या. तेव्हा मी विचारलं होतं की तुम्ही आम्हाला कधीच का विचारलं नाही? तुला काय वाटतं, तुला आईची आठवण येते का, असं कधीच नाही. त्यांचं उत्तर माझ्या पुढच्या सगळ्या शिकवण्याचा पाया झालं. “पोराला विचारलं की ते दार लावून घेतं. त्याला वाटतं, आपल्याला काहीतरी बरोबर सांगायचंय. कावळ्याला विचारावं. कावळ्याचं सांगताना ते आपलंच सांगतं, आणि नको वाटलं तर कधीही म्हणू शकतं, मी कावळ्याचं सांगत होतो. ती वाट त्याच्याकडून काढून घेऊ नये.”

हे त्या शिकल्या कुठं? बालसेविकेचं प्रशिक्षण त्यांनी कोसबाडला घेतलं होतं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि अनुताई वाघांनी ते काम आपल्या हयातभर, १९९२ पर्यंत, सांभाळलं. तिथं वारली मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळा त्यांच्या अंगणात गेली, गुरं राखणाऱ्या मुलांमागं कुरणात गेली. बाई म्हणायच्या की कोसबाडला त्यांना पहिली गोष्ट हीच शिकायला मिळाली: मूल जिथं आहे तिथं जाऊन बसायचं आणि ते काय बघतंय ते आपणही बघायचं. बाकीचं त्यांनी बालवाडीत मुलांकडून उचललं. ‘श्यामची आई’ त्यांना अर्धीअधिक पाठ होती. साने गुरुजींनी ती नाशिकच्या तुरुंगात लिहिली हे त्या अभिमानानं सांगायच्या. पण मुलांपुढं ती वाचताना “बघा, श्याम किती गुणी” असं त्यांच्या तोंडून कधी यायचं नाही. श्याम चिडतो, हट्ट करतो, त्या ठिकाणी त्या थांबायच्या. त्यांचं म्हणणं असं की मुलं श्यामला तिथं भेटतात.

माझं लग्न धाराशिवला झालं. लेक झाली तेव्हा बाई थकल्या होत्या, डोळ्यांनी अधू झाल्या होत्या. बारशाला येता आलं नाही, पुस्तकं मात्र पोहोचली. त्यात माधुरी पुरंदरेंचं ‘राधाचं घर’ होतं. ज्योत्स्ना प्रकाशनाचं हे पुस्तक मी शिक्षिका म्हणून ओळखत होते, आई म्हणून ते वेगळंच निघालं. त्यात कुणी आदर्श नाही. आई आईसारखी आहे, आजोबा आजोबांसारखे, आणि चित्रंही लेखिकेनं स्वतः काढलेली, घरातल्या साध्या पसाऱ्यासकट. दीड वर्षाची लेक एका चेहऱ्यावर बोट ठेवून माझ्याकडं बघायची. मी सांगून टाकत नसे. “का गं असा बसलाय हा?” एवढं विचारायची आणि बाईंसारखी थांबायची. लेकीचे शब्द तेव्हा मोजकेच. तिनं एकदा त्या चेहऱ्यासारखे ओठ काढून दाखवले, मग पुस्तकावर आपला अर्धवट चघळलेला बिस्किटाचा तुकडा ठेवला. मी फोनवर हे सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या, “बिस्किट तिथंच राहू दे थोडा वेळ.”

पुढं एका प्रशिक्षणात मला एक अभ्यास वाचायला मिळाला. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठातल्या सेलिया ब्राउनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१३ साली प्रसिद्ध केला होता. दीड ते अडीच वर्षांची मुलं आईबापांबरोबर चित्रांची पुस्तकं बघत असताना भावनांबद्दल काय बोलणं होतं, ते त्यांनी टिपलं. मग त्याच मुलांपुढं दुसऱ्याला मदत करायची, आपलं वाटून द्यायची वेळ आणली. जी मुलं लवकर आणि जास्त वेळा पुढं झाली, त्यांच्या घरी पुस्तक बघताना मुलांना जास्त विचारलं जात होतं: ह्याला काय होतंय, का होतंय. आणि यातली मला भिडलेली गोष्ट ही, की आईबाप स्वतः भावनांबद्दल किती बोलतात याचा तेवढा संबंध दिसला नाही. मुलाला बोलायला लावलं जातं की नाही, याचा दिसला. एकामुळंच दुसरं घडतं असा दावा असल्या अभ्यासातून करता येत नाही, हे मला कळतं. तरी ते कागद वाचताना मला आमची घोंगडी, लिंबाची सावली आणि बाईंचं ते लांबलचक गप्प बसणं आठवत राहिलं. बाई तोवर गेल्या होत्या. त्यांना हे वाचून दाखवायला मला फार आवडलं असतं.

आज आमच्या जिल्ह्यात मोठ्या माणसांच्या मनाची चौकशी व्हायला लागली आहे, याचं मला मोल वाटतं. २०१५ साली शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर यवतमाळ आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत बळीराजा चेतना अभियान सुरू झालं, प्रेरणा प्रकल्पात आशाताई घरोघरी जाऊन मनाच्या आजाराबद्दल विचारू लागल्या. माझ्या वडिलांना त्यांच्या सगळ्या आयुष्यात असं कुणी विचारलं नाही. एका पुस्तकाच्या एका पानावर ते एकदा बोलले, तेवढंच. मला वाटतं, जो माणूस चाळिशीत आशाताईला “काही नाही, बरं आहे” म्हणून दारातून परत पाठवतो, त्याला तीन वर्षांचा असताना कावळ्याबद्दल कुणी विचारलेलं नसतं. हे माझं मत आहे, सिद्ध करायला माझ्याकडं काही नाही. पण मी ते घट्ट धरून आहे.

माझी शाळा सध्या वाशी तालुक्यात आहे. दिवाळी झाली की उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीसाठी मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून साखर कारखान्यांकडं जातात आणि गावात म्हातारी माणसं आणि काही लेकरं उरतात. शाळेला लागून अंगणवाडी आहे. तिथल्या सेविकाताईंशी मी बाईंची रीत बोलले. त्यांना कामाचा ढीग आहे: आहार, वजन-उंची, गृहभेटी, पोषण ट्रॅकरवर रोजच्या नोंदी. “मॅडम, गोष्ट सांगायची तर एकदा सांगून मोकळं व्हायचं, थांबत कुठं बसू?” हे त्यांचं म्हणणं वाजवी होतं. मी म्हटलं, रोज नको, आठवड्यातून एक गोष्ट, त्यात एकच पान, एकच प्रश्न. पुस्तक मी देते. चिऊ-काऊचंच दिलं, नवं, कव्हर असलेलं.

महिनाभरानं त्या मधल्या सुट्टीत माझ्या वर्गाच्या दाराशी आल्या. आई-बाप कारखान्याला गेलेली चार वर्षांची एक मुलगी आहे, आजीजवळ राहते. ताईंनी विचारलं होतं, चिमणी दार का उघडत नाही?

“तर ती म्हणली, ‘चिमणी घरात न्हाईच. ती उसाला गेलीया. कडी भायेरून हाय.’ मॅडम, माझ्या पोटात कालवलं. मला काय बोलावं सुचंना.”

“मग काय केलंत?”

“तुमी सांगितलं तसं कावळ्याचं विचारलं. म्हटलं, मग आता कावळ्याला काय वाटायलं असंल? तर म्हणली, ‘त्याला करमंना.’ म्हटलं, मग त्यानं कुठं जावं? तर म्हणली, ‘आजीकडं जावं. आजीकडं भाकरी असती. आन् उसाचा सीझन संपला की चिमणी येती.’ मग बाकीची पोरं भांडायला लागली, कावळ्याला आजी असती का म्हणून. अर्धा तास तेच चाललंय.”